सॅमनची पिंजराशेती : लाभ कोणाचा, भार कोणावर?

प्रास्ताविक

मुंबईतील उपाहारगृहांच्या इंग्रजी खाद्यपत्रिकांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून ज्या माशाचा उल्लेख असतो तो आपला रावस होय. रावसाचे आणि सॅमनचे कूळ वेगळे आहे, जीवनक्रमही वेगळा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला अटलांटिक सॅमन उत्तर अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवरील थंड नद्यांत जन्माला येतो. नदीत काही वर्षे काढल्यानंतर त्याच्या शरीरात खाऱ्या पाण्यास अनुकूल असे बदल घडून येतात आणि तो समुद्रात उतरतो. तेथे एक ते तीन वर्षे भरपूर खाऊन वाढल्यावर प्रजननासाठी तो परत फिरतो आणि बहुतांशी ज्या नदीत जन्मला त्याच नदीत येतो. त्यामुळे प्रत्येक नदीतील सॅमन हा पिढ्यानपिढ्या त्या नदीच्या तापमानाशी व प्रवाहाशी जुळवून घेत गेलेला एक स्वतंत्र समूह असतो. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

आज जगाच्या बाजारात येणारा अटलांटिक सॅमन जवळजवळ सर्वच्या सर्व पिंजऱ्यात वाढविलेला असतो. त्याचे वार्षिक उत्पादन पंचवीस लाख टनांहून अधिक असून त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या नॉर्वेचा आहे. त्याखालोखाल चिली, स्कॉटलंड, कॅनडा आणि फॅरो बेटे यांचा क्रम लागतो. या उद्योगाविषयी टोकाची मते आढळतात. एका पक्षाच्या मते तो वाढत्या लोकसंख्येला प्रथिने पुरविणारा ‘नीलक्रांती’चा आदर्श आहे, दुसऱ्याच्या मते तो समुद्राचे उकिरड्यात रूपांतर करणारा व्यवसाय आहे. अशा वेळी फायदे आणि तोटे दोन रकान्यांत मांडून त्यांची वजाबाकी करण्याची प्रथा आहे. तथापि या मांडणीत एक गोष्ट निसटते. लाभ ज्याच्या पदरी पडतो आणि हानी ज्याला सोसावी लागते, ते दोघे एकच नसतात. जाळ्याचा पिंजरा ही मुळात उघडी व्यवस्था आहे. मासा आत राहतो, पाणी आरपार वाहत असते. जे नुकसान पिंजऱ्याच्या आत होते ते मालकाच्या खात्यावर पडते; जे पाण्याबरोबर बाहेर जाते ते इतरांच्या. या दोन प्रकारच्या प्रश्नांची गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत काय गती झाली, हे मुख्यतः नॉर्वेच्या उदाहरणावरून तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

हित्रा बेटावरील आरंभ

सॅमनच्या व्यावसायिक शेतीचा यशस्वी आरंभ सामान्यतः १९७० सालापासून धरला जातो. नॉर्वेच्या मध्य किनाऱ्यावरील हित्रा बेटावर ओवे आणि सिवर्ट ग्रॉन्टवेट या बंधूंनी त्या वर्षी समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमनची पिल्ले सोडली. तोवर तलाव बांधून किंवा खाडीचे तोंड अडवून प्रयोग झाले होते. तरंगता पिंजरा स्वस्त होता आणि फियॉर्डमधील शुद्ध, थंड, वाहते पाणी त्याला फुकट मिळत होते. ‘फुकट’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. या उद्योगाचे सारे अर्थशास्त्र त्यात सामावलेले आहे.

याच सुमारास हाराल्ड शेरवोल्ड आणि ट्रिग्वे येडरेम या पशुपैदासशास्त्रज्ञांनी गाई-डुकरांच्या निवड-पैदाशीचे तत्त्व माशाला लावले. नॉर्वेतील सुमारे चाळीस नद्यांमधून अंडी गोळा करून, चांगली वाढ होणाऱ्या कुळांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करण्यात आली. पाच-सहा पिढ्यांत माशाच्या वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. शेतातील गव्हाला किंवा गोठ्यातील गाईला जे बदल घडून यायला हजारो वर्षे लागली, ते सॅमनच्या बाबतीत एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीत घडले.

सरकारचे प्रारंभीचे धोरणही उल्लेखनीय होते. १९७३ पासून परवाना सक्तीचा झाला. पिंजऱ्याच्या आकारावर मर्यादा आली आणि मालकी शक्यतो स्थानिक माणसाकडेच राहावी असा कटाक्ष होता. ओसाड होत चाललेल्या किनाऱ्यावरील वस्त्या टिकवून धरणे हा त्यामागील हेतू होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन भरमसाट वाढले, भाव कोसळले, आणि उत्पादकांची सहकारी विक्री संघटना १९९१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर मालकीविषयक बंधने शिथिल करण्यात आली आणि लहान शेतकऱ्यांची जागा हळूहळू मोठ्या कंपन्यांनी घेतली. सहकारी साखर कारखान्यांचा प्रदेश पाहिलेल्या वाचकाला हा प्रवास फारसा अपरिचित वाटणार नाही.

लाभाची बाजू

या उद्योगाचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये नॉर्वेने १२,००० कोटी क्रोनरहून अधिक किमतीचा सॅमन निर्यात केला. तेल व नैसर्गिक वायूनंतरचे हे देशाचे एक प्रमुख निर्यात-उत्पन्न आहे. हित्रा आणि शेजारचे फ्रॉया ही बेटे, जेथून तरुण मंडळी शहराकडे निघून जात होती, तेथे आता बाहेरून मजूर आणावे लागतात. समुद्र ही सार्वजनिक संपत्ती असून तिच्या वापरातून मिळणाऱ्या असाधारण नफ्यात समाजाचा वाटा असला पाहिजे, या भूमिकेतून नॉर्वे सरकारने २०२३ पासून सॅमनशेतीवर २५ टक्के विशेष कर बसविला. मूळ प्रस्ताव ४० टक्क्यांचा होता. उद्योगाच्या तीव्र विरोधानंतर तो खाली आला. पाणी फुकट नाही, हे मान्य व्हायला त्रेपन्न वर्षे लागली.

खाद्याच्या कार्यक्षमतेचा मुद्दा नेहमी अग्रक्रमाने मांडला जातो. मासा शीतरक्ताचा असल्याने शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्याला ऊर्जा खर्च करावी लागत नाही आणि पाण्याने तोलून धरल्यामुळे अंगाचा भार पेलण्यासाठीही फारशी लागत नाही. त्यामुळे एक किलो वजनवाढीसाठी सॅमनला साधारण सव्वा किलो खाद्य पुरते. मात्र हे खाद्य कोरडे आणि अत्यंत सकस असते, ही गोष्ट प्रचारपत्रकांत सहसा सांगितली जात नाही. खाद्यातील प्रथिनांपैकी किती प्रथिने अंगी लागतात असा हिशेब मांडला, तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेनुसार कोंबडी सॅमनच्या पुढे आहे. डुक्कर व गाय मात्र बरीच मागे आहेत.

पिंजऱ्याच्या आतील प्रश्न

हित्रा बेटाने या उद्योगाला जन्म दिला तसे एका रोगाला नावही दिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथील पिंजऱ्यांत थंड पाण्यात पसरणारा एक जिवाणूजन्य रोग उद्भवला व तो ‘हित्रा रोग’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. पाठोपाठ फुरुन्क्युलोसिस हा दुसरा जिवाणूरोग आला. त्यावर उपाय म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याचा सपाटा सुरू झाला. १९८७ मध्ये नॉर्वेतील मत्स्यशेतीत जवळजवळ ५० टन प्रतिजैविके वापरली गेली; त्या वर्षीचे सॅमनचे उत्पादन होते सुमारे ५०,००० टन. दर टन माशामागे एक किलो औषध, असे हे प्रमाण पडते.

यानंतर जे घडले ते सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे. प्रथम हित्रा रोगावर आणि १९९०च्या दशकाच्या प्रारंभी फुरुन्क्युलोसिसवर परिणामकारक लस उपलब्ध झाली. समुद्रात सोडण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाला पोटात सुई टोचून ती दिली जाते. काही वर्षांतच प्रतिजैविकांचा वापर कोसळला. आज उत्पादन वर्षाला सुमारे पंधरा लाख टनांवर गेले असताना हा वापर एका टनाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. शासनाचे नियम, पशुवैद्यांची शिस्त, पिंजऱ्यांतील अंतर आणि पीक काढल्यानंतर किमान दोन महिने जागा मोकळी ठेवण्याची सक्ती या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु मूळ कारण असे की आजारी मासा हे मालकाचे स्वतःचे नुकसान होते. लसीचा खर्च ज्याने केला, लाभही त्यालाच झाला.

खाद्याच्या बाबतीतही असेच घडले. सॅमन हा मांसाहारी मासा आहे. १९९० मध्ये नॉर्वेतील खाद्यात सुमारे नव्वद टक्के भाग मासळीची भुकटी आणि मासळीचे तेल यांचा असे. म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही किंवा उत्तर समुद्रातील लहान मासळी पकडून ती सॅमनला घालावयाची. या पद्धतीने समुद्रातील मासळीत भर पडते की घट होते, असा प्रश्न रोझमंड नेलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखात उपस्थित केला. मासळीची भुकटी महाग होत गेली तसतसा उद्योग सोयाबीन, मोहरीवर्गीय कनोला तेल, गहू यांकडे वळला, आणि २०२०पर्यंत समुद्रजन्य घटकांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही खाली आले. महागाईने जे साधले ते टीकेने साधले असते की नाही, याबद्दल शंका आहे.

या बदलाचे परिणाम मात्र मिश्र झाले. खाद्यातील तेल वनस्पतिजन्य झाल्यामुळे पिंजऱ्यातील सॅमनमधील पीसीबी, डायॉक्सिन यांसारख्या प्रदूषकांचे प्रमाण घटले. २००४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील एका अभ्यासाने या प्रदूषकांवरून मोठे वादळ उठविले होते. परंतु ज्या ओमेगा-३ मेदाम्लांसाठी डॉक्टर सॅमन खायला सांगतात तीही घटली. स्कॉटलंडमधील सॅमनमध्ये २००६ ते २०१५ या काळात त्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले. शिवाय भार नाहीसा झाला असे नाही, तो समुद्रावरून ब्राझीलच्या सोयाबीनच्या शेतांवर सरकला. आणि जी मासळीची भुकटी व तेल अद्याप लागते, त्यातील काही भाग मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया या पश्चिम आफ्रिकी देशांतून येतो. तेथे तारलीच्या जातीची सार्डिनेला ही गरिबांच्या रोजच्या ताटातील मासळी आहे.

जाळ्यापलीकडील प्रश्न

समुद्री ऊ हा सॅमनच्या त्वचेवर जगणारा एक कवचधारी परोपजीवी आहे. निसर्गात तो पूर्वीपासून आहे. परंतु निसर्गात हिवाळ्यात किनाऱ्याजवळ सॅमन फारसे नसतात, त्यामुळे उवांनाही आश्रय मिळत नाही. पिंजऱ्यांनी ही परिस्थिती पालटली. नॉर्वेच्या पिंजऱ्यांत कोणत्याही वेळी चाळीस कोटींच्या आसपास सॅमन असतात. समुद्रातून नॉर्वेच्या नद्यांकडे परतणाऱ्या वन्य सॅमनची संख्या अलीकडे वर्षाला पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहिली आहे. प्रत्येक पिंजऱ्यातील माशांवर अगदी थोड्या उवा असल्या तरी त्यांच्या अळ्यांचा एकत्रित लोंढा फियॉर्डभर पसरतो. वसंत ऋतूत नदीतून समुद्राकडे निघालेली जेमतेम वीस ग्रॅमची वन्य पिल्ले याच पाण्यातून जातात. पाच किलोच्या माशाला दहाबारा उवा जाणवतही नाहीत. पिल्लाचा मात्र त्या जीव घेतात.

उवांवर आरंभी रसायने वापरली गेली. त्यांतील इमामेक्टिन बेंझोएट हे नाव आपल्याकडे हरभऱ्यावरील घाटेअळीमुळे शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. पिकांवरील किडींचा जो अनुभव, तोच येथेही आला. काही वर्षांत उवा औषधाला दाद देईनाशा झाल्या. मग उवा खाणारे लहान मासे कोट्यवधींच्या संख्येने पिंजऱ्यांत सोडण्यात आले. त्यांतील बहुतेक तेथेच मरतात. आता मुख्य भर यांत्रिक उपायांवर आहे. सॅमन पंपाने जहाजावर ओढून, काही सेकंद कोमट पाण्यातून काढणे किंवा पाण्याच्या झोताने व ब्रशांनी उवा झाडून टाकणे, हे ते उपाय होत.

शासनाने २०१७ मध्ये किनाऱ्याचे १३ विभाग करून वाहतूक-दिव्यांची पद्धत लागू केली. उवांमुळे मरणाऱ्या वन्य पिल्लांचा अंदाज १० टक्क्यांच्या आत असेल तर विभाग हिरवा, ३० टक्क्यांच्या वर असेल तर लाल. हिरव्या विभागात उत्पादनक्षमता सहा टक्के वाढविता येते, लाल विभागात सहा टक्के कमी करावी लागते. २०२० मध्ये प्रथमच दोन विभागांत कपात झाली तेव्हा अनेक उत्पादक न्यायालयात गेले, पण त्यांना यश आले नाही. बाहेर पडणारा भार मालकाच्या खात्यावर आणण्याचा हा जगातील बहुधा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न आहे. आणि तरीही त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. मर्यादा पाळण्यासाठी उपचार वारंवार करावे लागू लागले आणि प्रत्येक उपचारात सॅमनच्या अंगावरील खवले निघतात, कातडीला जखमा होतात, आधीच दुर्बळ असलेले मासे मरतात. रोग, शैवाल, जेलीफिश ही कारणे आहेतच. २०२३ मध्ये नॉर्वेच्या समुद्री पिंजऱ्यांत सहा कोटींहून अधिक सॅमन काढणीपूर्वीच मेले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. म्हणजे वन्य माशाचा भार मालकावर टाकला गेला, मालकाने तो पिंजऱ्यातील माशावर टाकला. या मृत्यूंचा खर्च भावात सामावून जातो, तोवर त्याविरुद्ध तातडीने काही करण्याचे आर्थिक कारण उरत नाही. गोठ्यात दर सहा गाईंमागे एक गाय मरू लागली तर कोणत्याही देशात केवढा गहजब होईल!

पळून जाणाऱ्या माशांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो परतवता येत नाही. वादळात जाळे फाटते, बोटीचा पंखा लागतो, आणि मासे नदीकडे निघतात. झपाट्याने वाढण्यासाठी निवडलेला मासा नदीत दुबळा ठरतो. आयर्लंडच्या बरिशूल नदीप्रणालीवरील प्रदीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिंजऱ्यातील कुळाच्या संततीचे आयुष्यभरातील यश वन्य संततीच्या केवळ दोन टक्के होते. संकरित संततीचे या दोहोंच्या मध्ये. म्हणजे संकरातून होते ती नुकसानीची गुणाकार-पद्धत. नॉर्वेत अभ्यासलेल्या नद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नद्यांतील वन्य सॅमनमध्ये पिंजऱ्यातील सॅमनचा जनुकीय अंश सापडला आहे. हे कळू शकले याचे श्रेय एका जुन्या सवयीला आहे. माशाचे वय त्याच्या खवल्यांवरील वलयांवरून मोजतात, म्हणून पिंजरे येण्यापूर्वीच्या काळातील खवले कागदी पाकिटांत जपून ठेवलेले होते. त्यांतील डीएनए काढून आजच्या माशाशी तुलना करता आली.

वन्य सॅमनच्या ऱ्हासाला धरणे, आम्लवर्षा, तापणारा समुद्र हीही कारणे आहेत. सर्व दोष पिंजऱ्यांच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु २०२४च्या जूनमध्ये नॉर्वेने ३३ नद्यांतील सॅमनची मासेमारी हंगाम ऐन सुरू असताना बंद केली, तेव्हा गळ टाकणाऱ्या स्थानिकांना आपण कोणाची किंमत मोजत आहोत हे विचारावेसे वाटले, यात नवल नाही.

चिली आणि उत्तर अमेरिका

चिलीत अटलांटिक सॅमन मूळचा नाहीच. दक्षिण गोलार्धात तो माणसाने नेला. त्यामुळे वन्य भाऊबंदांना धोका हा प्रश्न तेथे नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच नियमांत ढिलाई राहिली. पिंजरे दाटीवाटीने बसविले गेले. २००७ मध्ये आयएसए या विषाणूजन्य रक्तक्षयाची साथ आली. अटलांटिक सॅमनचे उत्पादन सुमारे चार लाख टनांवरून २०१० पर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास घसरले, हजारो कामगार बेकार झाले. २०१६ मध्ये विषारी शैवालाच्या प्रादुर्भावाने दोन कोटींहून अधिक मासे मेले आणि त्यांच्या विल्हेवाटीवरून चिलोए बेटावरील मच्छीमारांनी रस्ते अडविले. येथे प्रतिजैविकांचा वापर आजही वर्षाला शेकडो टनांत आहे. मुख्य जिवाणूरोगावर नॉर्वेसारखी परिणामकारक लस तेथे मिळालेली नाही, हे त्याचे शास्त्रीय कारण. म्हणून नॉर्वेच्या लसीकरणाचे यश सर्वत्र आपोआप घडेल असे मानता येत नाही.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर निर्णय वेगळ्या दिशेने गेला. वॉशिंग्टन राज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये सायप्रस बेटाजवळील पिंजरे कोसळून अडीच लाखांच्या आसपास अटलांटिक सॅमन पॅसिफिकमध्ये पसरले. पुढच्याच वर्षी परकीय जातींची पिंजराशेती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला. कॅनडाने जून २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील उघडे पिंजरे ३० जून २०२९पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. तेथील आदिवासी समाजांत याविषयी एकमत नाही. काहींचे जीवन वन्य सॅमनवर उभे आहे, तर काहींच्या वस्त्यांत पिंजरे हाच एकमेव नियमित रोजगार आहे.

बंदिस्त तरंगत्या टाक्या, किंवा जमिनीवर पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारे कारखाने, हे पर्याय पुढे येत आहेत. त्यांत उवा येत नाहीत, मासे पळत नाहीत. परंतु वीज आणि भांडवल प्रचंड लागते आणि पाण्याची यंत्रणा काही तास बिघडली तरी सगळे मासे मरू शकतात. सॅमन स्वस्त राहिला तो समुद्राने साफसफाईचे काम विनामूल्य केल्यामुळे. ते काम यंत्राकडे दिले की भाव वाढतो.

भारतीय संदर्भ

आपल्या उष्ण समुद्रात सॅमन वाढणार नाही. तथापि हाच प्रश्न भारतात कोळंबीच्या रूपाने येऊन गेला आहे. १९९० नंतर आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीची तळी झपाट्याने वाढली, शेजारची भातशेती व विहिरी खारावल्या आणि १९९४-९५ मध्ये विषाणूच्या साथीने तळीच ओस पडली. एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालात किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी काढून टाकण्याचा आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई देण्याचा आदेश दिला. २००५ साली संसदेने तटीय जलकृषी प्राधिकरण कायदा संमत करून ही शेती परवान्याखाली आणली आणि किनारा नियमनाच्या मनाईतून पूर्वलक्षी प्रभावाने वगळली. निकालाचा मूळ रोख त्यामुळे बोथट झाला.

दरम्यान केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जिताडा, मोदसा यांसारख्या माशांसाठी समुद्री पिंजऱ्यांचे तंत्र विकसित केले आणि २०२३च्या दुरुस्तीने पिंजरापालन या कायद्याच्या कक्षेत आले. पिंजरे समुद्रात आले की डोल आणि रापण ओढणाऱ्या कोळ्यांची जागा कोठे राहील, हा प्रश्न परवाना देतानाच विचारावा लागेल. रायगडच्या खारेपाटातील तळ्यांत वाढणारा जिताडा आणि खाडीत सापडणारा जिताडा हे आज एकाच साठ्यातले समजले जातात. बाहेरच्या बीजकेंद्रांतून आणलेली पिल्ले पिंजऱ्यांत सोडण्यापूर्वी प्रत्येक खाडीतील जिताड्याचे थोडे खवले पाकिटात घालून, तारीख-ठिकाण लिहून ठेवणे हे सागरी जीवशास्त्राच्या कोणत्याही महाविद्यालयीन विभागाला जमण्यासारखे काम आहे. त्यासाठी माशाला मारावे लागत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य आहे.